विरजण न लागणारे दूध

गाईम्हशीचे दूध तापवून, कोमट करून, चमचाभर विरजण लावून ठेवले की सकाळी घट्ट दही तयार असते. उंटिणीच्या दुधाचे तसे होत नाही. ते आंबते, थोडे फसफसते, पण कवडी पडत नाही. तळाशी भुसभुशीत कण जमतात, वर पाणी राहते. चीज करायला वासराच्या जठरातले रेनेट घातले, तरीही ते नीट गोठत नाही. उंट पाळणाऱ्या सगळ्या लोकांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिचे कारण मात्र विसाव्या शतकाच्या शेवटी कळले. या मधल्या काळाचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण आज याच दुधाच्या नावाने आपल्या समाजात बरेच काही विकले जात आहे.

हे दूध गोठत नसल्याची सगळ्यात स्पष्ट लेखी नोंद मला सापडली ती यहुदी धर्मशास्त्रात. यहुद्यांना उंट निषिद्ध. तौरातच्या तिसऱ्या ग्रंथात तसा स्पष्ट हुकूम आहे आणि निषिद्ध जनावराचे दूधही निषिद्धच. पण गंमत अशी की त्याच तौरातच्या पहिल्या ग्रंथात हजरत याकूब आपल्या रुसलेल्या भावाला जी भेट पाठवतात, तिच्यात ३० दुभत्या उंटिणी आणि त्यांची पिल्ले आहेत. म्हणजे दुभत्या उंटिणीची किंमत सर्वांना ठाऊक होती. पुढे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास इराकमध्ये बाबिली तलमूदचे संकलन पूर्ण झाले. त्यात परक्यांनी केलेले चीज यहुद्याने खावे की नाही यावर चर्चा आहे. त्यात निषिद्ध जनावराचे दूध मिसळलेले असेल तर? यावर रब्बींचे उत्तर असे की शुद्ध जनावराचे दूध गोठते, अशुद्धाचे गोठत नाही. तेव्हा चीज झालेच आहे म्हणजे ते दूध शुद्ध जनावराचे असणार. चिंता करायची ती रेनेटची.

हा युक्तिवाद एका निरीक्षणावर उभा आहे आणि ते निरीक्षण उंटिणीच्या बाबतीत अचूक आहे. प्रयोगशाळा नसलेल्या काळात माणसांनी भांड्यातल्या दुधाकडे पाहून ते केले होते.

रेनेटचा तोच प्रश्न काही काळाने मुसलमान फकिहांपुढेही आला. अबू दाऊदच्या संग्रहात अशी रिवायत आहे की तबूकच्या मोहिमेत प्रेषितांसमोर (स.) चीज आणले गेले, त्यांनी सुरी मागवली, अल्लाहचे नाव घेतले आणि ते कापले. पुढे इराण-इराक जिंकल्यावर मजूसींनी केलेले चीज खावे का, हा वाद निघाला, कारण त्यातले रेनेट शरियतप्रमाणे कापलेल्या वासराचे नसे. इमाम अबू हनीफांनी असे रेनेट पाक मानले, इमाम शाफईंनी मानले नाही. रब्बी आणि फकीह दोघेही एकाच भांड्यात डोकावत होते, असे म्हणायला हरकत नाही.

ग्रीकांनीही हे दूध पाहिले होते. ॲरिस्टॉटलने जनावरांच्या दुधांची तुलना करताना उंटिणीचे दूध सर्वात पातळ म्हटले. रोमचा प्लिनी सांगतो की एक माप दुधात तीन मापे पाणी घालून प्यायले तर ते फार गोड लागते. ही बाहेरून पाहणाऱ्यांची टिपणे आहेत. ज्यांचे जगणेच या दुधावर होते, ते अरब बद्दू मात्र एवढ्या थोडक्यात थांबत नाहीत.

आठव्या-नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-अस्मईने उंटावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, ‘किताबुल इबिल’. वाळवंटातल्या टोळ्यांकडून ऐकलेले शब्द त्याने गोळा केले. अरबी भाषेचा हा कोपरा पाहिला की थक्क व्हायला होते. दुभती उंटीण म्हणजे ‘लिकहा’. एकदा दूध काढल्यावर पुन्हा पान्हा फुटेपर्यंतचा जो वेळ, त्याला ‘फुवाक’. उंटिणीच्या कासेत दूध साठून राहण्याची जागा फार कमी असते. पिल्लू तोंड लावते तेव्हा पान्हा सुटतो आणि एक-दोन मिनिटांत संपतो. मग थांबायचे, पिल्लाला पुन्हा सोडायचे, पुन्हा काढायचे. हा जो थांबण्याचा वेळ तो भाषेत ‘अगदी थोडा अवकाश’ अशा अर्थाने रुळला आणि कुरआनच्या ३८व्या सूरेतही त्याच धातूचा शब्द आला आहे. पिल्लू मेले तर उंटीण पान्हा चोरते. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे धरत. त्याला ‘बव्व’ म्हणत. अल-खन्सा या कवयित्रीने भावाच्या शोकगीतात स्वतःला अशा पेंढ्याच्या पिल्लाभोवती घुटमळणाऱ्या उंटिणीची उपमा दिली आहे.

या तपशिलांवर धार्मिक आणि व्यापारी नियमही उभे राहिले. विकायच्या आधी दोन-तीन दिवस जनावराचे दूध काढायचे नाही, कास तट्ट फुगू द्यायची आणि गिऱ्हाइकाला ‘बघा किती दूध देते’ असे दाखवायचे, ही लबाडी तेव्हाही चाले. बुखारीतल्या हदीसप्रमाणे प्रेषितांनी (स.) उंटीण आणि शेळीमेंढीच्या बाबतीत याला स्पष्ट मनाई केली आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला जनावर परत करण्याचा हक्क दिला. काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यायचा. गुरांच्या बाजारात वावरलेल्या कोणालाही ही फसवणूक लगेच ओळखू येईल. दुसरी प्रथा ‘मनीहा’ची. ज्याच्याकडे जनावर नाही त्याला आपली दुभती उंटीण काही काळ दूध पिण्यासाठी द्यायची, मालकी आपलीच. हदीसमध्ये भरपूर दूध देणारी उंटीण हे उत्तम मनीहा म्हटले आहे. आणि कयामतच्या वर्णनात कुरआन म्हणते की त्या दिवशी दहा महिन्यांच्या गाभण उंटिणी बेवारस सोडल्या जातील. उंटीण सुमारे तेरा महिने गाभण राहते. दहाव्या महिन्यात म्हणजे दूध आता जवळ आले, तिची किंमत चढलेली. असे धन सोडून माणूस पळतो म्हणजे काय प्रसंग असेल, हे त्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नसेल.

मराठीत आपल्याला उंटीण ठाऊक आहे ती सांडणी म्हणून. सांडणीस्वार पत्रे घेऊन धावत. तिचे दूध आपल्या इतिहासात कुठे नाही, ती टपालाची.

वैद्यकात मात्र हे दूध लवकर शिरले. इब्न सीनाने (मृत्यू १०३७) ‘अल-कानून’मध्ये इस्तिस्का, म्हणजे जलोदरावर उंटिणीचे दूध सांगितले आणि युनानी हकीम ते पुढेही सांगत राहिले. यामागे एक हदीसही होती, तिच्याकडे मी शेवटी येतो.

आता या दुधाच्या आतल्या घडणीकडे. दुग्धशास्त्र नावाचे शास्त्र युरोपात गाईभोवती वाढले. डेन्मार्क, हॉलंड, स्वित्झर्लंड इथे लोणी-चीजचा धंदा होता, पैसा होता, म्हणून गाईच्या दुधाचा रेणू न् रेणू तपासला गेला. उंट होते सोमालिया, सुदान, अरबस्तान, राजस्थान, सिंधमध्ये. तिथे असे दूध तपासायला खर्च करणारे कोणी नव्हते. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने उंट आणि उंटिणीच्या दुधावर एक पुस्तिका काढली, तेव्हाही ते प्रामुख्याने उपासमारीच्या प्रदेशातले अन्न म्हणून. १९८५ आणि १९८६ मध्ये कराची विद्यापीठातले झफर झैदी आणि स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतले हान्स यॉर्नवाल यांच्या गटाने या दुधातल्या दोन प्रथिनांची संपूर्ण साखळी, एकेका अमिनो आम्लासह, प्रसिद्ध केली. त्यातले दुसरे प्रथिन गाईच्या दुधात आढळत नाही. ही सुरुवात कराचीत झाली याचा उल्लेख दुधाच्या जाहिरातीत कुणी करत नाही, म्हणून इथे केला.

खरा उलगडा १९९८ साली झाला. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात श्टेफान काप्पेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंटिणीच्या दुधातल्या चारही केसीनांची रचना आणि प्रमाण मांडले. केसीन म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन, ज्याचे पनीर होते तो भाग. केसीनचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर कप्पा केसीन नावाच्या प्रकाराची केसाळ लव असते आणि ती गोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवते. म्हणून दूध दुधासारखे राहते. रेनेटमधले कायमोसिन ही लव छाटते, गोळे एकमेकांना चिकटतात, त्यांचे जाळे होते, जाळ्यात स्निग्धांश अडकतो आणि चीज बनते.

गाईच्या केसीनमध्ये कप्पाचा वाटा सुमारे १३ टक्के असतो. उंटिणीच्या केसीनमध्ये तो जेमतेम ३.५ टक्के निघाला. उलट बीटा केसीन तब्बल ६५ टक्के, गाईत ते ४० टक्क्यांच्या आत. लव कमी म्हणून गोळे मोठे, गाईच्या दुधातल्या गोळ्यांच्या दुपटीहून मोठे, आणि जाळ्याला घट्टपणा देणारे अल्फा-एस-१ केसीनही कमी. शिवाय कात्री जिथे लागायची ती जागाच वेगळी. गाईच्या कप्पा केसीनला कायमोसिन १०५व्या आणि १०६व्या अमिनो आम्लांच्या मध्ये कापते, उंटिणीच्या कप्पाला ९७ आणि ९८च्या मध्ये, आणि वासराच्या कायमोसिनला ती जागा नीट पकडता येत नाही. म्हणून जाळे उशिरा विणले जाते आणि विणले तरी सैल. रब्बींनी ‘गोठत नाही’ असे जे म्हटले होते, ते हे.

दह्याचे कारण याच घराण्यातले, पण थोडे निराळे. आपल्या आया-आज्या दही लावण्याआधी दूध उकळून घेतात. उकळल्यावर निवळीतले बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन उलगडते आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटते. त्यामुळे दह्याला बांधा येतो. उंटिणीच्या दुधात हे प्रथिन नाहीच. मग कितीही उकळा. कझाखांचे शुबात, सुदानचे गारिस, केनियाचे सुसाक हे सगळे आंबवलेल्या उंटदुधाचे प्रकार पिण्याचे आहेत, चमच्याने खाण्याचे नाहीत, ते याचमुळे.

आईच्या दुधातही बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नसते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांना त्रास देणाऱ्या प्रथिनांत ते प्रमुख आहे. म्हणून अशा काही मुलांना उंटिणीचे दूध पचते. इथपर्यंत जाहिरातदार खरे बोलतात. मात्र त्रास देणारे ते एकटेच प्रथिन नसते, केसीनही असते, तेव्हा ॲलर्जी असलेल्या लेकराला पहिला घोट डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

चीजची गोष्ट इथे पुरी करून टाकतो. मॉरिटानियाच्या राजधानीत, नवाकशूतमध्ये, १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॅन्सी अबेइदेरहमान यांनी ‘तिविस्की’ नावाची डेअरी उभारली. भटक्या पशुपालकांकडून उंटिणीचे दूध घेऊन, पाश्चराइज करून शहरात विकायचे. फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी त्याचे मऊ चीजही केले. युरोपने नियमांवर बोट ठेवून ते बराच काळ दारातच अडवले. आणि २००६ मध्ये काप्पेलर यांच्याच गटाने दाखवले की उंटाच्या पिल्लाचे कायमोसिन गाईचे दूध वासराच्या कायमोसिनपेक्षा ७० टक्के अधिक जोमाने गोठवते. आज ते बुरशीत वाढवून कारखान्यात तयार होते. म्हणजे उंटिणीचे चीज युरोपच्या दाराशी अडले, आणि गाईचे चीज गोठवायला उंटाचे कायमोसिन आत गेले. अशा रेनेटने फकिहांचा जुना प्रश्नही सोपा झाला, कारण त्यासाठी कोणते जनावर कापावेच लागत नाही.

आता बाजाराकडे. आमच्या भागात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर जी टेबले लागतात, त्यांवर खजूर, कलौंजी आणि मधाच्या जोडीला उंटिणीच्या दुधाची भुकटीही दिसू लागली आहे. वेष्टनावर मधुमेह, ऑटिझम, कॅन्सर, यकृत अशी यादी आणि वर ‘सुन्नत’ हा शब्द. भाव असा की मध्यमवर्गीय माणूसही दोनदा विचार करील. घेणारा मात्र बहुधा गरीबच असतो. ज्याच्या घरात आजार आहे, तो विचार करत नाही.

मधुमेहाच्या दाव्यामागे काहीतरी आहे. बिकानेरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. आर. पी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांना रोज अर्धा लिटर उंटिणीचे दूध दिले आणि काहींची इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे नोंदवले. हे दूध जठरात घट्ट गोठत नाही, म्हणून त्यातली इन्सुलिनसारखी प्रथिने न पचता पुढे जातात, असा तर्क मांडला जातो. पण दोन वर्षे चाललेल्या त्या अभ्यासात रुग्ण होते २४, निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. त्यांचे इन्सुलिन बंद केलेले नव्हते, डॉक्टर साखर मोजून डोस ठरवत होते. २४ माणसांच्या अभ्यासावरून भुकटीच्या डब्यावर ‘मधुमेह मुळापासून’ असे छापणे हा गुन्हा आहे. टाइप-१च्या रुग्णाने हे वाचून इन्सुलिन सोडले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

दुसरा दावा उंटाच्या सूक्ष्म प्रतिपिंडांचा. १९९३ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी दाखवले की उंटाच्या रक्तात नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर एक लहान, साध्या घडणीचा प्रकारही असतो. त्या वाटेने पुढे खरोखरच औषधे निघाली, पहिल्याला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण ती प्रयोगशाळेत घडवलेली, टोचून घेण्याची औषधे आहेत. पेल्यातल्या दुधाशी त्यांचा संबंध जोडणे म्हणजे शुद्ध थाप.

आणि आता ती हदीस. हजरत अनस यांची रिवायत बुखारीत आहे. उक्ल किंवा उरैना टोळीचे काही लोक मदिन्यात आले, तिथली हवा त्यांना मानवली नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना उंटिणींच्या कळपाकडे जाऊन दूध आणि मूत्र पिण्यास सांगितले. ते बरे झाले, मग त्यांनी राखणदाराला ठार मारून उंटिणी पळवल्या आणि पकडले जाऊन शिक्षा भोगली. विक्रेता पहिली दोन वाक्ये सांगतो. पण फकिहांनी या रिवायतीवर केवढा काथ्याकूट केला आहे! इमाम मालिक आणि इमाम अहमद यांनी उंटाचे मूत्र पाक मानले. इमाम अबू हनीफांनी ते नापाक ठरवले आणि औषध म्हणूनही परवानगी दिली नाही, त्या विशिष्ट लोकांपुरती ती बाब मर्यादित मानली. त्यांच्याच शिष्याने, अबू यूसुफ यांनी, उपचारापुरती सूट दिली. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. त्यांच्या इमामांनी इतकी सावधगिरी दाखवली असताना डब्यावर ‘सुन्नत’ छापायचे धाडस कुठून येते?

कच्च्या दुधाबद्दल तर दुमत नसावे. २०१२ मध्ये सौदी अरबस्तानात मर्सचा विषाणू प्रथम सापडला, तो उंटांतून माणसांत येतो असे पुढे दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेने उंटिणीचे कच्चे दूध व मूत्र पिऊ नये असे सांगितले. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा तापही येतो. उकळल्याने यातले काहीच बिघडत नाही, बिघडतो तो फक्त ‘ताजे, कच्चे, अस्सल’ म्हणून जास्त भाव लावणाऱ्याचा धंदा.

या सगळ्यात जनावराचे काय? २०१२च्या पशुगणनेत भारतात सुमारे ४ लाख उंट होते, २०१९च्या गणनेत अडीच लाख उरले. ट्रॅक्टर आणि ट्रक आल्यावर ओझे गेले, चराई गेली. राजस्थानातल्या राइका समाजात दूध विकणे कमीपणाचे मानले जाई, ते वाटायचे. मनीहाच्या जवळची रीत, पण त्यांनी ती अरबांकडून घेतलेली नाही. आता दूध विकल्याशिवाय कळप टिकत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये या दुधाची मानके ठरवली आणि जानेवारी २०१९ मध्ये अमूलने कच्छच्या उंटिणींचे दूध बाटलीत आणले, अर्धा लिटर ५० रुपयांना. ते दूध देणारे पशुपालक म्हणजे हिंदू रबारी आणि मुसलमान फकिराणी जत. दोघे शतकानुशतके एकाच कळपावर जगत आले आहेत.

यांतलेच काही जण उंट घेऊन विदर्भापर्यंत येतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात पोलिसांनी त्यांचे ५८ उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी हैदराबादला चालले आहेत अशी तक्रार झाली होती. उंट गोरक्षण संस्थेत ठेवले गेले, कळपवाले बाहेर ताटकळत राहिले. आम्ही कित्येक वर्षे इकडे फिरतो, असे ते सांगत होते. पुढे न्यायालयाने उंट त्यांना परत देण्याचा आदेश दिला. रबारी आणि जत यांनी तो खटला एकत्रच लढवला.